चौथ्या भागापासून

बिजवराशी लग्न होऊन वृंदाला महिना झाला होता. घरातल्या कपाटातून तिने एक रहस्यकादंबरी काढली, ती नेमकी मालिकेतला चौथा भाग निघाली. वाफेवर चालणाऱ्या विमानात खून पडला होता, पितळी हाताचा गुप्तहेर सगळ्यांवर गुरगुरत होता, आणि का, ते कोणी सांगत नव्हतं. या घरात तिचं तेच चाललं होतं, त्यामुळे फारसं अडलं नाही.

"याचा हात कशाने गेला गं?" जेवताना तिने नवऱ्याच्या मुलीला विचारलं.

"दुसऱ्या भागात बॉयलर फुटला," मुक्ता ताटातून मान वर न करता म्हणाली. महिन्याभरातलं तिचं सगळ्यांत लांब वाक्य.

मग वृंदा रोज एक शंका काढू लागली. मुक्ता मागचं सगळं सांगायची.

"शेवट पटला का तुला?" पुस्तक संपवल्यावर वृंदाने विचारलं.

"मला कुठे माहितेय? आई वाचून दाखवायची. तिच्या औषधाच्या गोळ्यांच्या खोक्याचा तुकडा खुणेला घातलाय ना, तिथवरच झालं."

वृंदाने ते पान उघडलं, आणि खुनी कोण याचा आपल्याला पत्ताच नसल्यासारखी मोठ्याने वाचायला लागली.