जमायचं नाही
स्पंदनाच्या धाकट्या भावाचं लग्न झालं, ते दोन हजार तेवीस साल. त्याच साली कर्नाटकातल्या अग्रहारात, म्हणजे देवळालगतच्या आळीत, काकांच्या शिवणाच्या दुकानात बसून तिने आपल्या संशोधनासाठी गणिताच्या सॉफ्टवेअरला चौथ्यांदा विचारलं, की या भिंगरीसारख्या आकृतीच्या टोकांना कमीजास्त उंची दिली, तर तिच्या रेषांवरच्या सगळ्या घड्या एकदम उभ्या राहतील ना? उत्तर आलं, "नाही."

"दोन वर्षं वाया गेली, काका. आकडे जरा हलवू का?"

"अय्यो! कापड बसत नाही म्हणून गिऱ्हाइकाचं माप बदलतेस?" निवृत्तीकाकांनी अस्तरावर आकृती आखून ती टाचण्यांवर उचलली. एक घडी उभी केली की दुसरी पडे. "हे टोक त्याच्याहून उंच हवं, ते तिसऱ्याहून, अन् तिसरं परत याच्याहून! जमायचंच नाही, पुट्टी, माझ्या पोरी."

ते का जमत नाही, हे तिने त्याच कारणावरून सिद्ध केलं आणि त्यावर तिला डॉक्टरेट मिळाली. समारंभाला काका पहिल्या रांगेत होते. दोन हजार पंचवीसच्या मार्गशीर्षात ते वारले.