नवशाची जागा

संस्थान विलीन झाल्यावर जव्हारच्या बाजारात लाकडी मंडप उभारायचं काम आम्हा वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांकडे आलं. सज्ज्याची तुळई आमच्यातल्या पोशेरा गावच्या नवशानं आखली. काम संपत आलं आणि तो तापानं गेला. आम्ही सगळे सज्ज्यावर चढल्यावर तुळई फार वाकली, तर काढून टाकायची, असं सरांनी बजावलं. वजन भरून काढायला नवशाच्या जागी भाताची गोणी ठेवत होतो, तेवढ्यात त्याची पेटी न्यायला आलेली आई शिडी चढून आली. "ती काढ. तिथं मी उभी राहते." "मावशी, तुमचं वजन कमी पडेल." "मग धोंडा दे." मी दिलेला धोंडा तिनं कडेवर घेतला. तुळई किंचित वाकली आणि थांबली. "पास," सर खालून म्हणाले. आम्ही उतरलो, ती तिथंच उभी राहिली. "मावशी, ठेवा आता खाली." "राहू दे," ती म्हणाली. "जड नाय रे."