पांढरी की पिवळी

माणूस दोन पायांवर ताठ उभा राहिला आणि संस्कृती जन्माला आली. धारवाडच्या वाङ्मय मंडळाचे अध्यक्ष राघवेंद्रराव हे वाक्य दर भाषणात सांगत. मागच्या सभेत ते हेच सांगायला खुर्चीतून उठले, आणि 'संस्कृती' येण्याआधीच समईसकट आडवे झाले.

तेव्हापासून उपाध्यक्ष विठ्ठलराव विचारपूस करायला रोज येत. "अध्यक्षांनी उभंच राहिलं पाहिजे असं थोडंच आहे? घरी पडून मार्गदर्शन करा की," असं फार गोड म्हणत आणि चहा पिऊन जात. खुर्ची चालली, हे राघवेंद्ररावांना दिसत होतं. साध्या चक्करीने ती जाणं त्यांना मंजूर नव्हतं. आजार हवा होता, आणि तोही अध्यक्षाला शोभेल असा. म्हणून 'ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिमची टेस्ट' हे नाव ऐकताच त्यांना निम्मं बरं वाटलं. यात रुग्णाला फळीला बांधून, फळीसकट उभं करतात आणि रक्तदाब कसा उतरतो ते पाहतात. हे काही येरागबाळ्याचं दुखणं नव्हे, असं त्यांनी विठ्ठलरावांना ऐकवूनही टाकलं.

अडलं ते एका सूचनेपाशी. 'रक्तदाबाच्या गोळ्या टेस्टआधी थांबवायच्या का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा,' असा रुग्णालयातून फोन आला. राघवेंद्ररावांचे डॉक्टर दोन होते. सकाळची पांढरी गोळी धारवाडच्या जुन्या डॉक्टरांची. रात्रीची पिवळी मुलाने गाठून दिलेल्या हुबळीच्या डॉक्टरांची. मुलगा श्रीवत्स, त्याचं हुबळीत गोकुळ रोडला वर्कशॉप. या डॉक्टरांना त्या डॉक्टरांची खबर नव्हती. एकापाशी दुसऱ्याचं नाव काढणं राघवेंद्ररावांना असभ्यपणाचं वाटे.

"अप्पा, पांढरी थांबवा," श्रीवत्स म्हणाला. "हुबळीची राहू दे. लेटेस्ट आहे ती."

"हुबळीत माणूस भाव विचारायला जातो, सल्ला नव्हे. धारवाडची गोळी विचारपूर्वक दिलेली असते. पिवळी थांबव."

"ती विचारपूर्वक घेऊनच पडलात ना?"

"पांढरीनं सावरलं म्हणून नुसता पडलो. पिवळीवर सोपवलं असतं तर गेलोच असतो."

"साकु, पुरे आता," राघवेंद्ररावांच्या पत्नी भाग्यलक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "डॉक्टरांना तेवढं विचारू नका. बाकी सगळं करा."

शेवटी बापाचा आणि लेकाचा, दोघांचाही मान राखून दोन्ही गोळ्या चालू राहिल्या. भाग्यलक्ष्मीबाईंनी दोन्ही पाकिटं पिशवीत टाकून दिली.

रुग्णालय अमरगोळच्या बाजूला होतं, म्हणजे दोन्ही गावांच्या मधे. त्यामुळे तिथं जायला कुणाचाच अपमान नव्हता. फळी मोठी होती, पट्टे रुंद होते. राघवेंद्रराव तिच्याकडे पदकाकडे पाहावं तसे पाहत होते. तिथल्या डॉक्टर दीपश्रींनी पिशवीतली पाकिटं काढली, उलटी करून वाचली, पुन्हा वाचली.

"फळी राहू दे, सर," त्या म्हणाल्या. "दोन्हीत औषध एकच आहे. नावं तेवढी वेगळी. तुम्ही दुप्पट घेताय. उठलात की रक्तदाब उतरणार, माणूस पडणार."

"म्हणजे आजार नाही?" राघवेंद्ररावांचा आवाज पडला.

"तसं दिसत नाही. एक गोळी बंद करा, आठवड्यानं या."

"कोणती?" बापलेकांनी एकदमच विचारलं.

"कुठलीही."

श्रीवत्सनं पिशवी उचलली. राघवेंद्रराव हलले नाहीत. "असं कसं, डॉक्टर? धारवाडच्या गोळीत आणि हुबळीच्या गोळीत काही फरक असेलच की."

डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं त्यांच्या हातात ठेवली. राघवेंद्ररावांनी चष्मा चढवला आणि मागचं बारीक अक्षर वाचलं.

दोन्ही गोळ्या धारवाडजवळच्या बेलूरला, एकाच कारखान्यात तयार झाल्या होत्या.