मधले सर

लेक दोन वर्षांची झाली तशी तिनं पुन्हा शिकायचं मनावर घेतलं. विद्यापीठात जागा मोजक्याच होत्या आणि सगळी भिस्त मुलाखतीवर. मग लेकीला भरवता भरवता, न्हाऊ घालता घालता तिची तयारी सुरू झाली. सासूबाई चष्मा नाकावर ओढून प्राध्यापक व्हायच्या.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"गादीवर, आई. गाढ झोपलेली."

"तिथं असं बोललीस तर घरीच बसशील हो."

मुलाखतीहून ती परतली ती तोंड पाडूनच. लेकीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्यानं दारातच विचारलं, "अडलीस का कुठे?"

"नाही रे, सगळी उत्तरं आली. पण समोर बसलेल्या तिघांतल्या मधल्या सरांना सर्दी झाली होती. बोलता बोलता माझा हात कधी पुढे गेला कळलंच नाही, रुमालानं त्यांचं नाक धरलं मी. वर 'शिंकर बघू जोरात' असंही म्हणाले."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "मग? हाकललं ना तुला?"

"नाही, आई."

चपला काढत ती म्हणाली,

"मुकाट्यानं शिंकरलं त्यांनी."