एकेचाळिसावी

महिला दूध संस्था बंद पडली तर बबनरावाला तिचं पत्र्याचं शेड मिळणार होतं, दूध थंड करायचं यंत्र मिळणार होतं, आणि दुष्काळाचा सरकारी चारा त्याच्या नव्या संस्थेच्या दारात उतरणार होता. त्यासाठी फार काही करायचंही नव्हतं. सभासदांचं रजिस्टर गेलं, एवढंच सांगायचं होतं. रजिस्टर त्याच्याच घरी असायचं. बायांना लिहिता येत नाही म्हणून सचिव तो.

"भिजलं, साहेब. पार लगदा झाला."

"टँकर येतोय दहा दिसाला," त्याच्या ओसरीच्या खालून मनकर्णा म्हणाली. "भिजवायला पाणी कुठनं आणलं तेवढं सांगा. आमी बी घागरी घेऊन येतो."

बाया हसल्या. तालुक्याहून आलेले साहेब हसले नाहीत. त्यांच्या फायलीत यादीची नक्कल होती, पण ती ताडून बघण्यापुरती. यादी संस्थेनं द्यायची. एकेचाळीस नावं, नवऱ्यांच्या नावासकट, पाचच्या आत. एक जरी कमी भरलं तर संस्था बंद.

बबनराव निवांत होता. समोर बाया अकरा. बाकीच्या कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेल्या.

"साहेब, ह्यांच्या तोंडून स्वतःच्या नवऱ्याचं नाव निघत न्हाई. ह्या काय यादी देत्यात?"

"दुसरीच्या नवऱ्याचं घ्यायला कोण अडवतंय?" मनकर्णा म्हणाली. "लिवा साहेब."

ती पाच वर्षं कॅन घेऊन दारोदार दूध गोळा करायची. तिनं डोळे मिटले आणि हापशापासून निघाली.

"पयलं घर चंद्रभागा बंकट. तिच्या भिताडाला लागून भिवरा गहिनीनाथ. बोळ वलांडला की विमल जालिंदर."

एकेक उंबरा चढत ती एकोणीस नावांपर्यंत आली आणि थांबली. पुढची घरं पडली होती. माणसं शेतात राहायला गेली होती. दार नाही म्हटल्यावर तिला नावही सापडेना.

"सरक," पारूबाई म्हणाली. पारूबाईला दारं आठवत नव्हती, तिला जनावरं आठवत होती. "एकशिंगी म्हैस, बायना कचरू. लाथ मारणारी तांबडी, ती धोंडीरामच्या बायकोची. काय गं तिचं नाव?"

"गोदावरी," दोघीतिघी म्हणाल्या.

"गोदावरी धोंडीराम. लिवा."

"गाय तर मागंच वडगावच्या बाजारात विकली," बबनराव म्हणाला.

"गाय विकली. गोदावरी न्हाई विकली."

पारूबाईनं नऊ नावं उभी केली. कडुनिंबाच्या पलीकडची वस्ती बौद्धांची. मनकर्णाचा कॅन तिकडं कधी गेला नव्हता. तिकडचं दूध जाईबाई आणायची. संस्था निघाली तेव्हा जाईबाईनं जात्यावर गाणं बांधलं होतं, तिकडच्या एकेका बाईची एकेक ओळ. ती बोटांनी फरशीवर ठेका धरून हळू म्हणू लागली. साहेब लिहीत गेले. मग त्यांचं पेन अडलं.

"मथुरा आबासाहेब, ठकू आबासाहेब. आबासाहेब दोनदा आला."

"झालं," बबनराव म्हणाला. "चुकलं गाणं."

"कावून चुकंल?" मनकर्णानं पुन्हा डोळे मिटले. "एक आबासाहेब विहिरीजवळचा. त्याचं घर पाण्याला जाताना दिसतं."

"त्याची काळी शेळी आन जर्सी गाय," पारूबाई म्हणाली. "दुसऱ्याची म्हैस. म्हैसवाला ठकूचा."

साहेबांनी फायलीत डोकावलं आणि दोन्ही नावं ठेवली. जाईबाईच्या बारा नावांनी यादी चाळिसावर आली. मग तिची बोटं नुसतीच वाजत राहिली.

"हितं एक ओळ मोकळी हाय. ठेका हाय, नाव न्हाई."

मनकर्णानं सगळं गाव पुन्हा पालथं घातलं. पारूबाईनं सगळे गोठे. पाचाला दहा मिनिटं राहिली होती. बबनरावाला ते नाव ठाऊक होतं. संस्थेला मिळेल त्यात आपलाही वाटा असावा म्हणून ते त्यानंच गुपचूप घातलं होतं. त्या घरचं दूध गडी आणायचा, त्यामुळं मनकर्णा त्या दारी कधी गेलीच नव्हती. जनावरं वाड्याच्या मागं बांधलेली, पारूबाईला दिसणार कुठून? आणि सचिवाच्या घरात सभासद असेल, हे जाईबाईच्या गाण्याला सुचलंच नव्हतं.

सावित्रीबाई आतून साहेबांना चहा घेऊन आली होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"संस्था निघाली त्या येळी माझा अंगठा घेतलता," ती म्हणाली. "कशावर ते सांगितलं न्हवतं. शाई चार दिस निघाली न्हाई, म्हणून ध्येनात हाय. ती एक मी असंल."

"आत जा," बबनराव म्हणाला.

"पूर्ण नाव?" साहेबांनी विचारलं.

बायांना सांगता आलं असतं. मनकर्णानं तोंड उघडलंही होतं. सावित्रीबाईनं तिला हातानं थांबवलं.

"सावित्री बबनराव."

लग्नाला तीस वर्षं झाली होती. साहेबांनी फायलीत पाहिलं आणि मान डोलावली.

"आता आत येऊ नको," बबनराव हळू आवाजात म्हणाला.

साहेबांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकलं तरी दाखवलं नाही. ते पुढच्या रकान्यात होते. "पत्ता?"

सावित्रीबाईनं पायरीखालच्या चपला पायानं सरळ केल्या आणि घातल्या.

"संस्थेचं शेड लिवा," ती म्हणाली.