करपट गोडी

मत्सराला मोठेच कारण लागते असे नाही. चकचकीत कागदातली एक परदेशी गोळीही त्याला पुरते. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी सासऱ्यांची कॉफी बंद केली, त्यानंतरच्या काही दिवसांपासून सून रोज दुपारी कॉफीच्या चवीची ती स्वस्तातली गोळी त्यांच्या हातावर ठेवी आणि ते डोळे मिटून चघळत बसत. ते पाहून सासूबाईंचा जळफळाट होई. आयुष्यभर साखर किंचित करपवून त्यांनी निगुतीने कॉफी केली होती.

"माझ्या कॉफीला नुसतं 'बरी आहे', आणि हिच्या गोळीला समाधी!" त्या फणकारत.

अखेर एकदा त्यांनी बरणीतली गोळी गुपचूप तोंडात टाकली आणि त्या जागीच थबकल्या. तीच करपलेली साखर, तोच कडवटपणा.

"जमलीय ना, आई?" दारातून सुनेने हसत विचारले. "किती दुकानं पालथी घातली! बाबा प्रत्येक गोळी थुंकून टाकायचे. म्हणायचे, 'हिच्या हातची चव नाही.' ही एकच पास झाली."

सासूबाईंनी दुसरी गोळी सोलली आणि सुनेला भरवली. त्या घरात ही करपट गोडी अशीच नांदो.