बंड्याला सांग

"अजून एक सलाईन लावा," मालिनीबाई म्हणाल्या. "मागच्या गुरुवारी लावलं तेव्हा शेपटी हलवली होती त्यानं."

डॉक्टर प्रतिभा नवीन होती. नेहमीचे डॉक्टर रजेवर. तिनं बंड्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, रिपोर्ट पुन्हा वाचला. "काकू, दोन्ही किडन्या गेल्यात. पाणीसुद्धा पोटात ठरत नाहीये. आता त्याचा त्रास थांबवायला हवा."

टेबलाच्या एका बाजूला मालिनीबाई. दुसऱ्या बाजूला त्यांची मुलगी यशश्री, हातात हेल्मेट. मध्ये बंड्या, तेरा वर्षांचा, ओल्या टॉवेलसारखा पडलेला.

"बंड्या," यशश्री कुत्र्याच्या कानाशी वाकली, "आईला सांग, हट्ट पुरे."

"बंड्या, ताईला सांग, हट्ट कुणी केला ते सगळ्या पंचवटीला ठाऊक आहे."

डॉक्टर हसली. घरात कुत्रं असलं की माणसं अशीच बोलतात, असं तिला वाटलं.

तिला काय ठाऊक! दोन वर्षांपूर्वी यशश्रीनं देवळालीच्या तौसीफ अत्तारशी कोर्टात लग्न केलं. त्याच महिन्यात तिच्या वडिलांची, चिंतामणगुरुजींची, बायपास झाली. घरी आल्यावर त्यांनी बायकोचा हात ओढून छातीवरच्या टाक्यांवर ठेवला. "तिच्याशी एक शब्द बोललीस तर मी गेलो म्हणून समज." रामकुंडावर आयुष्यभर लोकांच्या हातावर पाणी सोडून संकल्प वदवून घेतलेला माणूस. शब्दात कसं बांधायचं, ते त्यांना बरोबर माहीत होतं.

पण कुत्र्याशी बोलू नकोस, असं काही ते म्हणाले नव्हते.

आठ महिन्यांपूर्वी बंड्या आजारी पडला. दवाखान्यातलं कार्ड अजून यशश्रीच्याच नावावर होतं, मेसेज तिच्या फोनवर गेला आणि ती धावत आली. तेव्हापासून दर गुरुवारी, गुरुजी रामकुंडावर असताना, मालिनीबाई बंड्याला रिक्षात घालून दिंडोरी रोडच्या या दवाखान्यात आणायच्या. सलाईन चाळीस मिनिटं चालायचं. तेवढंच यशश्रीचं माहेर.

बंड्या, आईला विचार, गुडघा कसा आहे.

बंड्या, ताईला सांग, वाळलीये ती. त्या घरी तिनं रांधायचं आणि सगळ्यांनी खायचं, असं दिसतंय.

बंड्या, आईला सांग, स्वयंपाक तौसीफ करतो.

बंड्या, अरे देवा!

बंड्या, आईला विचार, शपथ मोडली की माणूस मरतो, तर कोर्टाच्या दारातून रोज किती तिरड्या निघायला हव्यात?

बंड्या, ताईला सांग, ज्याच्या नावाचं कुंकू लावते त्याच्यावर असले प्रयोग करून बघता येत नाहीत.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मालिनीबाई मागायच्या, बंड्या मरू नये. आणि बराही होऊ नये. हे दुसरं मागणं त्या ओठांवर येऊ द्यायच्या नाहीत.

"एकच," त्या आता डॉक्टरला म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारपर्यंत."

यशश्रीनं बंड्याच्या डोळ्यांतली चिपडं बोटानं काढली. "बंड्या, आईला सांग, माझ्यासाठी तुला सडवायचं नाही."

मालिनीबाई भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

सही यशश्रीनं केली. डॉक्टरनं पहिलं इंजेक्शन दिलं, भुलीचं. "पाच मिनिटांनी दुसरं. तोवर बोला त्याच्याशी. आवाज ऐकू येतो त्यांना."

पाच मिनिटं. दोघी एकदमच बोलायला लागल्या.

बंड्या, ताईला सांग, तिच्या पुस्तकांचं कपाट मी कुणाला दिलेलं नाही.

बंड्या, आईला सांग, बाबांची रात्रीची गोळी चुकवू नकोस.

बंड्या, ताईला सांग, हॉलमधला तिचा फोटो... जाऊ दे. ते नको सांगूस.

बंड्या, आईला सांग, माझ्या सासूबाईपण माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्याकडे तर कुत्रंही नाही.

मालिनीबाईंना हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू.

"बंड्या," यशश्री म्हणाली, "मामा होणार होतास रे."

बंड्याच्या पाठीवरून फिरणारा मालिनीबाईंचा हात थांबला. डॉक्टर दुसरी सुई टोचत होती.

"बंड्या, कितवा ते विचार. लवकर विचार."

"चौथा, बंड्या."

"उलट्या होतात का, विचार. आणि जवळ कोण..."

डॉक्टरनं बंड्याच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवला. थोडा वेळ ऐकलं. मग तो कानांतून काढला.

"गेला."

मालिनीबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी ते मिटलं.

"आई," यशश्री म्हणाली.

मालिनीबाई बंड्याचे कान सरळ करत होत्या. एक झाला. दुसरा घेतला.

"आई, होतात उलट्या. सकाळी फार होतात. आणि जवळ कोण, काय विचारत होतीस? विचार ना. आई!"

मालिनीबाईंनी पदराचं टोक दातांत घट्ट धरलं.

बाईंना कमी ऐकू येत असावं, असं डॉक्टर प्रतिभाला वाटलं. ती टेबलाला वळसा घालून आली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "काकू, त्या तुम्हाला हाक मारतायत."